समुद्रवल्ली गुराबेचा खरखरीत तक्ता धुतला त्याची हकीकत

श्री सागरनारायण प्रसन्न असोत, आणि लिहिणाराचा पाय कोठे न घसरो. शके सतराशे बावीस, रौद्रनाम संवत्सरे, श्रावण शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत या राज्यात जो पराक्रम जाहला तो लिहितो. यात तोफ वाजली नाही, किल्ला पडला नाही, तरी ऐकणारांनी मांडी घालून स्वस्थ ऐकावे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण कारभारी यांची नातवंडे अद्याप दप्तरात बसतात आणि माझी भाकरी तेथूनच येते.

राज्याची खासी गुराब, म्हणजे लढाऊ गलबत, समुद्रवल्ली. तिचे वरले तक्त्यावर, म्हणजे जेथे खलाशी चालतात फिरतात तेथे, राळेत समुद्रवाळू कालवून लेप दिला होता, तो हाताला खरखरीत आणि ओल्या पायालाही धरून ठेवणारा. हा लेप चांगुणा नाखविणीने हट्ट करून लावविला. कारण की पाच वर्षांमागे तिचा घरधनी गुळगुळीत फळीवरून घसरून नाळेवरून, म्हणजे गुराबेच्या पुढल्या टोकावरून, समुद्रात गेला तो सापडला नाही. आणि आता त्याच नाळेवर तिचा थोरला लेक धाकोजी तांडेल उभा राहून पाण्याचा ठाव घेत असे. लेप जाहल्यापासून एक मनुष्य घसरला नाही. परंतु लेपाची खोड ऐसी जे, वाळूचे कणाकणात मळ शिरतो आणि निघता निघत नाही. डांबर, माशांचे खवले, चुलीची काजळी, आणि पावसाळ्यात गुराब किनारी ओढून ठेवली तेव्हा बगळ्यांनी वर जो दरबार भरविला त्याची घाण, ऐसे सर्व मिळोन तक्ता काळाठिक्कर जाहला.

अशात श्रीमंतांची आज्ञा जाहली जे, नारळी पौर्णिमेस खासा स्वारी समुद्रवल्लीवर येऊन सागरास नारळ अर्पण करील. मग कारभारी हरबाजीपंत पाहणीस आले, आणि तक्ता पाहून नाकास उपरणे लाविले आणि बोलिले, "हा तक्ता की उकिरडा? गुराबेस बाहेरून मुशीचे तेल लाविता, तैसे वरही लावा. चकाकी आली पाहिजे!" आता दर साल बाहेरील फळीस मुशी माशाचे तेल लावावे हे किनाऱ्यावरचे शेंबडे पोरही जाणते, परंतु तेच तेल पायांखाली लावावे हे शहाणपण पालखीतून नाव पाहणारासच सुचावे! चांगुणा पुढे जाहली आणि म्हणाली, "पंत, तेल भायेरच्या अंगाला. वर लावलंत तर माजा पोर जाईल." पंत म्हणाले, "तर पौर्णिमेआधी साफ करून दाखव. न जाहल्यास सुतार घालून लेपच तासून टाकीन." ऐसे ऐकोन बाई पदर खोचून "बरं" इतकेच म्हणाली.

मग मोहीम सुरू जाहली. प्रथम पंतांनी आपले वीस शिपाई धाडिले आणि त्यांनी खराटे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब लांब फराटे ओढिले. मळ कणांच्या माथ्यावरून फिरला, खाली शिरला, आणि तक्ता होता त्याहून काळा दिसो लागला. बाईने त्यांस हाकलून लाविले, "मेल्यांनो, अंगण झाडताव काय?" आणि आपल्या दोघी जावांस घेऊन गुडघे टेकून बसली. रिठे उकळून फेस केला, तो हातभर जागेवर ओतिला, विडा चघळून होईतो थांबली, की मळ आपला आपण सुटावा. मग काथ्याचा कुंचला घेऊन गोल गोल फिरविला, उजवीकडून आणि मग डावीकडून, कारण कणास चहूं अंगांनी मळ बिलगलेला असतो. आणि फेस वाळण्याआधी पागोळीचे गोडे पाणी ओतून धुतले, मग पुढली हातभर जागा. ऐसे सात दिवस. एकादशीस भर दुपारी अवचित ऊन पडले, फेस वाळला, आणि डोलकाठीजवळ करडा डाग बसला. बाईने सूर्यास दोन शिव्या दिल्या आणि तितके पुन्हा धुतले. गुडघे सोलवटले, बोटे फुगली, परंतु हात थांबला नाही. मी चतुर्दशीस अनवाणी चालून पाहिले. वाळूचा कण न् कण मोकळा, वर्ण नव्या मडक्याचा, आणि पाय ठेवावा तेथे घट्ट. वाहवा! मी लढायांची वर्णने पुष्कळ लिहिली, त्यांतली निम्मी घरी बसून लिहिली. परंतु हे डोळ्यांनी पाहिले आणि डोळे भरून आले.

पंतही आले, पाहिले, आणि म्हणाले, "साफ आहे. पण चकाकी कोठे?" बाईने कपाळास हात लाविला. आणि पौर्णिमेस पहाटे, बाई येण्याआधी, पंतांनी चाकराकडून नाळेवर तेवढे मुशीचे तेल फासून घेतले, की श्रीमंतांची नजर पडेल तेथे तरी झळाळी असावी.

मग स्वारी आली, चांगुणेसही वर बोलाविले, गुराब हाकारिली, आणि धाकोजी नाळेकडे निघाला. इतक्यात पंत रुप्याचे तबकात नारळ घेऊन "आधी मान नारळाचा" म्हणत त्याजपुढे गेले. लाट आली, नाळ उचलली, आणि तेलावरून पंतांचे दोन्ही पाय एकदम सुटले. तबक उडाले, नारळ मंत्रावाचून समुद्रात पोहोचला, आणि पंत पालथे पडोन कडेकडे घसरत चालिले. एक पाय बाहेर गेला. तोच कोपर आणि गुडघा तेलाची हद्द संपोन धुतल्या तक्त्यास लागले, आणि लेपाने पंतांस धरिले. अंगरखा फाटला, सालटी गेली, परंतु पंत राहिले. धाकोजीने धावोन मानगूट धरून आत ओढिले.

श्रीमंत बहुत गहिवरले आणि म्हणाले, "चांगुणाबाई, काय पाहिजे ते मागा." बाई म्हणाली, "मना काय नको, महाराज. नाळेचं तेल काढू द्या. तवर माजा पोर थं उभा ऱ्हानार नाय." उपाध्ये ओरडले, "मुहूर्त टळतो!" श्रीमंत म्हणाले, "टळू द्या." आणि दुसरा नारळ मांडीवर घेऊन तेथेच बसले.

बाई गुडघे टेकून बसली. मग पंत लंगडत आले, शेजारी बसले, आणि मान खाली घालून म्हणाले, "बाई, मला एक कुंचला द्या." बाई म्हणाली, "अंगरखा काढा आधी. फेस उडतो."

सारांश, दोन घटका नाळ धुतली, मग धाकोजी तांडेल तीवर उभा राहिला, आणि मग राज्य समुद्रात निघाले. त्या साली मुहूर्त चुकला आणि मनुष्य एकही गेला नाही. इतकेच लिहावयाचे होते.