बन्सलला दिलेला शेरा

विश्वनाथ काण्यांनी हाताखालच्या बन्सलच्या वार्षिक गोपनीय अहवालात ‘गुड’ असा शेरा लिहिला. अहवाल गोपनीय असल्यामुळे तो दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळला.

बन्सल खरंच चांगला होता. पण दिल्लीच्या सरकारी कचेरीत ‘गुड’ म्हणजे बढतीच्या यादीतून नाव कटलं. जो निदान खुर्चीवर कोट टांगून बाहेर जातो, तोसुद्धा ‘आउटस्टँडिंग’. हे काण्यांना माहीत होतं, फक्त पटत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत कुणाच्या वहीवर ‘चांगले’च्या वर शेरा दिला नव्हता. मुलाच्या वहीवर तर कायम ‘ठीक’.

आता आप्पा अर्धांगाने पडून होते, तेही लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात. आत खाटेला जागाच नव्हती. गेल्या हिवाळ्यात थंडी बांबूच्या चिकांमधून सरळ त्यांच्या अंगावर आली होती. शेजारी एकेक करून नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये चालले होते. काण्यांची सारी भिस्त यंदाच्या बढतीवर होती. मोठं क्वार्टर मिळालं की आप्पांना खोली.

“अहो, द्या ना बन्सलला वाढवून,” त्यांची बायको हेमलता म्हणाली. “आपलं काय जातंय?”

“खोटं कसं लिहू?”

बन्सल काण्यांच्या वरच्या राजवीरसाहेबांपुढे जाऊन रडला. साहेबांनी काण्यांना बोलावलं.

“काणेजी, बेचारे ने आपका क्या बिगाड़ा है?”

“साहब, हमारे यहाँ गुड बहुत बड़ी बात है. जिसे दिल से मानते हैं, उसी को देते हैं.”

साहेब हेलावले. “अच्छा? ये तो मालूम ही नहीं था.” त्यांनी स्वतःच्या पेनाने बन्सलला ‘आउटस्टँडिंग’ केलं. मग खुद्द काण्यांबद्दलचा अहवाल लिहायला पुढ्यात ओढला.

डिसेंबरात याद्या लागल्या. बन्सल वर गेला. काण्यांचं नाव नव्हतं.

“साहब, मेरा...”

“काणेजी, बाकी सबको आउटस्टैंडिंग दे दिया,” साहेब प्रेमाने म्हणाले. “गुड सिर्फ़ आपको. दिल से.”

बन्सलने दिलेला लाडू खिशात घालून काणे घरी आले.

“काय झालं रे, विशू?” आप्पांनी व्हरांड्यातून विचारलं.

“साहेबांनी ‘गुड’ दिलं, आप्पा.”

“चांगला म्हणाले?” आप्पांचे डोळे भरून आले. “मी तुला कधीच दिलं नाही रे.”

काण्यांनी त्यांची रजई कानापर्यंत ओढली आणि तो लाडू कुस्करून त्यांना भरवू लागले.