चेंगडूची रंगीत तालीम

टॅम्पिनीसच्या सुपरमार्केटात, गोठवलेल्या कोळंबीच्या फ्रीझरसमोर, स्वेटर-कानटोपी-हातमोजे घालून बारा वर्षांची मुलगी वीस मिनिटं उभी असेल आणि शेजारी घड्याळ बघत बाप, तर तो आमचा शेजारी सावंतच. असा दुसरा बाप विषुववृत्तावर अजून जन्मलेला नाही.

"रेवा डिसेंबरात शाळेबरोबर चेंगडूला चाललीय. थंडीची रंगीत तालीम नको?"

सावंत शिपयार्डात इंजिनिअर. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून लेकीला सोडून एक दिवसही राहिला नव्हता. ही सहल आठ दिवसांची. पांडा अस्वलं बघायची, चिनी बोलायचं, तिथलं खायचं. परवानगीच्या कागदावर सही करायला त्याने एवढा वेळ लावला की तेवढ्यात शिपयार्डातून दोन जहाजं निघाली असतील. "माझ्यावाचून जमेल ना हो तिला?" हे मला रोज लिफ्टमध्ये.

सही झाली आणि तालमी सुरू झाल्या. भरलेली सुटकेस घेऊन एमआरटी मेट्रोने चांगी विमानतळ, तीनदा! तिसऱ्यांदा तिथल्या झाडूवाल्या आजीबाईंनी रेवाला "वेलकम होम" म्हटलं.

मग जेवण. तिथल्या मिरीने जीभ बधिर होते असं त्याने कुठेतरी वाचलं. "म्हणजे आपली तिरफळंच की!" सावंत पडला मालवणचा. पंधरा दिवस बांगड्याची आमटी, रोज दोन तिरफळं जास्त. शेजारी म्हणून मलाही वाटी. बाराव्या दिवशी जीभ अशी बधिरली की मीटिंगमध्ये तासभर मी नुसती मान हलवली. बॉसने त्या वर्षी बढती दिली.

"बाबा, इनफ लाह!" रेवा इथल्या लाहवाल्या इंग्रजीत ओरडायची.

"तिथे मी नसणार. सवय पायजे!"

रेवा परतली त्या दुपारी मी त्यांच्याकडेच होतो. पांडे? दिवसभर झोपले होते. जेवण? टीचरनी सगळ्यांसाठी बिनतिखट मागवलेलं. आठ दिवस टोमॅटो-अंडं आणि भात! मी हसून हसून सोफ्यावरून खाली आलो.

सावंत हसला नाही. "घरची आठवण आली?"

"नो टाइम लाह, बाबा! सो फन!"

"शाब्बास!" तो एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या ब्लॉकमधली कबुतरं उडाली. मग खाली बसून त्याने तिची सुटकेस उघडली आणि एकेक कपडा काढून घडी घालू लागला.

"बाबा, ते धुवायचेत."

"हो, हो," म्हणाला, आणि मान वर न करता पुढच्या मोज्याची घडी घालू लागला.