नवलेअण्णांचा बर्फ

आमच्या सावेडीत बर्फ पडत नाही. ही गोष्ट नवलेअण्णा सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या वर्षापासून थंडी सुरू झाली की अण्णा रोज संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडतात आणि बदकासारखे चालू लागतात. पाऊल चपटं, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात अंगापासून लांब. डोक्यावर माकडटोपी, टोपीच्या आत कानात मोबाईलची वायर. रस्ता कोरडा ठणठणीत, वर नगरची बोटभर धूळ. रिक्षावाले हॉर्न वाजवून थकतात. भाजीवाली रोज विचारते, "बाबा, पाय मुरगळला का?" अण्णा हूं की चूं करत नाहीत.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. अकोले तालुक्यातल्या घाटांत उभी नोकरी गेली, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न त्यांच्या लेखी उतारावरच्या गाडीचा असतो. वरच्या मजल्यावर सासू-सुनेचं वाजलं, अण्णांचा सल्ला तयार : "ब्रेक मारायचा न्हाई. गिअरमधी उतरायचं." माझ्या ब्लडप्रेशरवरही त्यांनी हेच औषध सांगितलं. डॉक्टर मंडळी उगाच इतकी वर्षं शिकतात.

नवलेकाकू गेल्या, एकुलती एक मनीषा कॅनडात नर्स. घरात अण्णा एकटेच. तेव्हा ही बदकचाल म्हणजे लेकीकडे जाण्याची तालीम असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. एका रविवारी तर त्यांनी पार्किंगच्या फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि त्यावर चालून दाखवलं. स्वतः अजिबात घसरले नाहीत. घसरले ते आमचे सेक्रेटरी. उभ्याने आले होते, बसून थेट मीटरबॉक्सपर्यंत गेले. अण्णा एवढंच म्हणाले, "बगा, ब्रेक मारला."

"मग, कधी निघालात कॅनडाला?" मी विचारलं.

"मी कुटं चाललोय?" अण्णा म्हणाले.

माणूस कामातून गेला, असं मी त्या दिवशी घरी येऊन जाहीर केलं. बायकोही लगेच हो म्हणाली. आमच्या घरात असं एकमत क्वचितच होतं.

पुढे एका संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या बाजूने चालू लागलो. म्हटलं, "अण्णा, कसलं प्रवचन ऐकता एवढं?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग एका कानातली वायर काढून माझ्या कानात घातली. प्रवचन नव्हतं, गाणं नव्हतं. नुसता कर्र... कर्र... आवाज. मध्येच कुणाचा तरी श्वास.

वायरीवरचा माइक मुठीत दाबून अण्णा कुजबुजले, "मनी हाय. बर्फावरनं बसस्टॉपला चाललीय. तिकडं सकाळ हाय ना."

"मग बोलत का नाही?"

"चालकाशी बोलू नये. पाटी असती गाडीत." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "मागल्या साली बर्फावर पडली. मनगाट मोडलं. मला कधी सांगितलं, तर पलास्तर निघाल्यावर. एकलीच पडून हुती वो, साहेब. उचलाया कुनी न्हाई."

मीही नकळत पाऊल चपटं टाकायला लागलो होतो. तेवढ्यात कानात आवाज आला, "अण्णा, बस आली. ठेवते." अण्णांनी वायर गुंडाळून खिशात टाकली, ताठ झाले आणि चारचौघांसारखे चालत घरी आले.

होळी झाली, ऊन तापलं. तिकडचाही बर्फ वितळला. मनीषाचा फोन आता रविवारी येऊ लागला. संध्याकाळी अण्णा फाटकापाशी खुर्ची टाकून बसत. अगदी शहाण्यासारखे. मला ते बघवत नसे.

परवा, दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरायचे होते, तेव्हा अण्णा मोबाईल हातात घेऊन माझ्या दारात आले. चेहरा नुसता फुललेला. "कुलकर्णीसाहेब, यंदा तिकडं बर्फ लवकर पडनार म्हनं!"

आणि लगेच त्यांनी स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. "पोरगी पडती तितं, आन मला बापाला आनंद हुतो, बगा."

मी म्हटलं, "अण्णा, माकडटोपी उन्हात टाका. ट्रंकेतला वास येत असेल."