दामूअण्णांचा एक सिनेमा

दामूअण्णा टॉकीजमध्ये बॅटरीच्या उजेडात कादंबरी वाचत बसले होते, आणि पडद्यावर त्याच कादंबरीचा सिनेमा चालू होता.

बुऱ्हाणपूरच्या कचेरीत अण्णा नक्कलनवीस. कागदाची नक्कल करायची आणि ती मूळ कागदाशी शब्दन् शब्द ताडून बघायची. तीस वर्षं हेच केल्यावर माणूस जगाकडेही तसाच बघू लागतो. 'मुळाबरहुकूम नाही' हा त्यांचा शेरा लग्नपत्रिकेपासून आमटीपर्यंत सगळ्यांना मिळे. राज्यांची फेरमांडणी झाली, वऱ्हाड तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदी मुलखात राहिलो. कचेरीत नवा नकाशा लागला, तेव्हा अण्णांनी तो जुन्याशी ताडून त्यालाही हाच शेरा दिला.

मी त्यांच्या हाताखालचा कारकून, शिवाय राजपुऱ्यातला शेजारी. म्हणून दुपारच्या खेळाला मला बरोबर नेलं होतं. कादंबरी अण्णांना जवळजवळ पाठ होती. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, त्यांनी ती दोनदा वाचून दाखवली होती. काकू दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेल्या, नाहीतर त्याच आल्या असत्या.

मध्यंतरापर्यंत अण्णांना सतरा चुका सापडल्या. नायकाच्या हातात छत्रीऐवजी काठी होती. एक आख्खा मामा गाळला होता. नायिका रडायला लागली तसे अण्णा पानं चाळू लागले, कारण पुस्तकात ती इथे रडत नाही. शेवटी डोअरकीपर येऊन नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, बत्ती बंद कर लो. लोग ठीक से रो नहीं पा रहे."

शेवट मात्र तंतोतंत पुस्तकातला होता. नायिका तापाने जाते. मला वाटलं, आता तरी अण्णा खूश होतील. पण ते खेळ संपायच्या आतच उठून गेले. कादंबरी खुर्चीवरच राहिली.

संध्याकाळी ती द्यायला गेलो. अण्णा काकूंच्या उशाशी बसून सिनेमा सांगत होते. छत्री, मामा, सगळं जागच्या जागी होतं.

"मग ताप उतरला," अण्णा म्हणाले. "उठून बसली. दोन घास भात खाल्लान."

 काकू म्हणाल्या, "अहो, पण पुस्तकात तर ती जाते ना?"

"पुस्तकात चुकलंय ते."

काकूंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू पण होतास ना रे? खरंच उठली का ती?"

अण्णा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मी कादंबरी पाठीमागे धरली आणि म्हणालो, "हो काकू, उठली. बिलकुल बरी झाली."

काकूंनी समाधानाने डोळे मिटून घेतले. अण्णा मला दारापर्यंत सोडायला आले.  माझ्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि आत गेले.