चिमाजीला न आलेली पत्रिका

नवसाबाईच्या संजनाच्या लग्नाची पत्रिका गल्लीत घरोघर पोचली, फक्त चिमाजीकडे आली नाही, आणि चिमाजीच्या पोटात दुखायला लागलं. पंचवटीतल्या त्या भागात पाणी सोडायची चावी बावीस वर्षं त्याच्या हातात होती. हळदीला पाणी कमी पडू नये म्हणून लग्नघरची पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी चिमाजीला, असा रिवाजच पडला होता. आता पंपघरात कॉम्प्युटर बसला होता. कोणत्या गल्लीने काल किती पाणी वापरलं ते पाहून आज तिथे किती सोडायचं, हे तोच ठरवायचा. चिमाजीकडे उरली झाडलोट. कॉम्प्युटरवर फडकं मारतानाही तो त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघायचा.

या डबड्याला हळद कळते का, असं त्याने इंजिनिअर पल्लवी मॅडमना दोनदा विचारलं. त्याला आकडे कळतात, एवढंच मॅडम म्हणाल्या.

मग बघूच, म्हणून चिमाजी पेटला. हळदीच्या आदल्या दिवशी नळाला पाणी आलं, तशी त्याने गल्लीच्या टोकाची, पाइप धुवायची चावी गुपचूप उघडली. जवळजवळ सगळं पाणी गटारात गेलं आणि कुणाचीच पिंपं भरली नाहीत. उद्या नेहमीसारखं अर्धा तास पाणी येणार, पाहुणे बिनआंघोळीचे बसणार आणि सगळी गल्ली कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडणार, असा त्याचा बेत होता.

कॉम्प्युटरने पाहिलं, काल या गल्लीने चौपट पाणी ओढलं. म्हणजे हिची गरज वाढली. हळदीच्या सकाळी त्याने दोन तास पाणी सोडलं. पिंपं भरली, पाहुणे न्हाले, नवसाबाईने अंगणसुद्धा धुऊन घेतलं.

संध्याकाळी ती बुंदीचे पाच लाडू घेऊन पंपघराच्या दारात उभी राहिली.

"चिमाजीभाऊ, न सांगता कळलं बघा त्याला, आमच्याकडं हळद हाय ते. एवढं ताट त्याच्यापुढं ठेवा."

चिमाजीचा जळफळाट झाला. खरं सांगावं तर श्रेय आपलं, पण मग नोकरीही जायची. त्याने ताट घेतलं, आत जाऊन दार लावलं, कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाचही लाडू खाल्ले. मग रिकामं ताट नवसाबाईच्या हातात आणून दिलं.

तिने ताटाकडे पाहिलं, मग चिमाजीच्या मिशीत अडकलेल्या बुंदीकडे.

"आवडले का त्याला?"

"आवडले," चिमाजी मिशी पुसत म्हणाला. "पण पत्रिका नाय आली, त्याचं लय वाईट वाटलंय त्याला."