तांबड्या सायकलीस राखी रंग दिला त्याची हकीगत

श्रीगजाननास नमन, आणि चाकरमान्यांची दया ज्या कोणा देवास येत असेल त्यासही नमन करून, शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरी जे घडले ते लिहिले आहे. ते समयी एका राज्यात त्र्यंबकराव टिपरे नामे पाणीखात्याचे कारकून राहात होते. रावांनी तरुणपणी सायकलीवर घाटाची शर्यत जिंकिली होती. ती तांबडी, हलकी, वाकड्या हँडलाची सायकल माळ्यावर पडोन होती. पुढे कचेरीची बस सरकारांनी बंद केली, आणि रावांनी नवी सायकल घेतली, ती कचेरीच्या आवारातून चोरीस गेली. मग दुसरी घेतली, तीही गेली. मग राव चालत जाऊ लागले आणि गुडघे दुखोन बेजार जाहले. चौकीवर हवालदार म्हणाला, "साहेब, नजरेत भरेल अशी सायकल ठेवता कशाला?" राव घरी आले आणि तांबडी सायकल माळ्यावरून उतरविते जाहले. मग पाठ वाकेना म्हणोन हँडल सरळ बसविले, आणि बारीक टायर काढून जाड घातले, आणि मडगार्ड लाविले, आणि कॅरियरवर भाजीचा क्रेट तारेने आवळिला, आणि हाताने सुटणारी चाके नटांनी जखडिली, आणि जाड साखळी आणविली. मग फाटकाचा उरलेला राखी रंग काढिला. तेव्हा कुटुंब शालिनीबाई बोलिल्या, "अहो, दांडीवर तुमचे नाव आहे. शर्यतीच्या वेळचे. तेही झाकणार?"

राव म्हणाले, "आता शर्यत कुठली. हजेरी गाठायची आहे."

मग बाईंनीच ब्रश घेतला आणि नाव झाकिले, आणि राव तोवर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पुढे दिवाळीच्या तोंडावर चोरांनी आवारात धाड घातली आणि सायकली कुलुपांसकट नेल्या. राव सायंकाळी जिना उतरोन आले, सायकलींची जागा रिकामी पाहिली, आणि हीही गेली ऐसे समजोन पायरीवर बसले. पहारेकरी रखमाजी यांनी पुसिले, "तुमची कोणती?"

"तांबडी," राव बोलोन गेले.

"तांबडी इथे कधी नव्हतीच. ती राखाडी तेवढी राहिली, खांबाला बांधलेली. तिला कोणी हात लावला नाही."

रावांनी वळोन पाहिले. बराच वेळ पाहिले. मग साखळी सोडिली आणि स्वार होऊन घरी गेले.

सारांश, सायकल राहिली आणि राव वेळेवर हजर होतात. त्या राज्यात यास यश म्हणतात, म्हणोन आम्हीही तैसेच लिहिले.