केळीच्या खांबाचा डालडा

"मुलगी काय करून राहिली इंदूरले?" शिऱ्याची बशी हातात घेत सुपडूशेठनी विचारलं.

कोमलनं उत्तर तयार ठेवलं होतं, पण तिच्या आधी तिची आई मनकर्णाबाई बोलून मोकळी झाली.

"केळीच्या खांबापासून डालडा बनवते."

शेठचा चमचा तोंडापाशीच थांबला. इतवारा बाजारात त्यांचं मावा जिलेबीचं दुकान होतं आणि वर पाटी होती, 'डालडा सापडल्यास दुकान तुमचं'. नुसतं हुंगून तुपातली भेसळ सांगणारं त्यांचं नाक साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलानं, जितेंद्रनं, डोळे मिटून घेतले. तो आणि कोमल कॉलेजपासून एकमेकांना पसंत होते. तुकईथड गावातल्या कोमलच्या घरातलं आजचं बघणं फक्त शेठच्या होकारासाठी घडवून आणलं होतं.

आईचाही फारसा दोष नव्हता. कोमल संशोधनाला लागली तेव्हा तिनं आईला आम्ल, हायड्रोजन, उत्प्रेरक असं सगळं नीट समजावलं होतं. आई भाजी निवडत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पण तू करते काय?" कोमल वैतागून म्हणाली, "तेलात हायड्रोजन घातला की डालडा होतो ना? तसंच समज." आईनं 'तसंच' तेवढं सोडून बाकीचं लक्षात ठेवलं.

"डालडा नाही काका," कोमल म्हणाली. "घड उतरवला की केळीचा खांब बांधावर सडत पडतो. त्याच्यापासून आम्ही आधी ॲसिड काढतो..."

"तेजाब?"

"तसलं नाही हो! मग बंद भांड्यात, दाबाखाली, त्यावर हायड्रोजन सोडतो."

"हायड्रोजन मतलब बॉम्बवाला?"

"घाबरू नका शेठ," कोमलचे वडील निंबाभाऊ धीर द्यायला पुढे सरसावले. "आतापर्यंत एकच बार फुटलं ते भांडं."

"बाबा! फुटलं नव्हतं. वॉशर गळत होता."

शेठनी खुर्ची जरा मागे सरकवली. "अन् बनवून खाऊ कोणाले घालता?"

"कोणालाच नाही! त्यातून निघणारा द्रव रंग विरघळवायला वापरता येतो, इंधनात मिसळता येतो..."

"पेट्रोलमध्येबी मिलावट." शेठ खिन्न झाले. "चाल बेटा, उठ."

"पप्पा, शिरा तर संपवू द्या," जितेंद्र म्हणाला आणि एकेक दाणा वेचून खाऊ लागला.

कोमलचा संयम संपला. ती तरातरा आत गेली आणि एका प्रदर्शनात मांडायला आणलेली नमुन्याची छोटी बाटली घेऊन आली. आत पाण्यासारखा नितळ द्रव होता.

"काका, तुमचं नाक सगळा बाजार मानतो ना? मग तुम्हीच सांगा. पण बाटलीत नाक घालू नका. हातानं वारा घेऊन हुंगा, असं."

आपल्या नाकाला कोणी रीत शिकवावी हे शेठना आवडलं नाही. तरी नाकाचा प्रश्न होता. त्यांनी वारा घेतला, डोळे बारीक केले, पुन्हा वारा घेतला.

"गोडसर आहे. जरा गवतावाणी." मग त्यांनी निकाल दिला, "यात डालडा नाही."

घरानं श्वास सोडला. जितेंद्रच्या बशीतले दाणे एकदम संपले.

"मंग शिरा घ्या ना शेठ," मनकर्णाबाई हरखून म्हणाल्या. "थंडा होऊन राहिला."

शेठनी चमचा उचलला आणि परत खाली ठेवला. नुकत्याच शिकलेल्या रीतीनं त्यांनी बशीवरून हातानं वारा घेतला. एकदा, मग आणखी एकदा.

"यात आहे."

निंबाभाऊ छताचा पंखा निरखू लागले. मनकर्णाबाईंनी पदर सावरला.

"तूप कमी पडलं होतं," त्या पुटपुटल्या. "दोनच चमचे टाकला."

कोमलनं कपाळाला हात लावला.

शेठनी बशी बाजूला ठेवली. कोमलच्या बाटलीचं झाकण स्वतः नीट घट्ट केलं आणि ती अदबीनं तिच्या हातात दिली.

"पोरगी पसंत आहे," ते म्हणाले. "पण लग्नात आचारी आमचा."